हॉप्ड कीं होप्ड?

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास ‘हॉप’ म्हणजे लंगडी घालणें, याचें भूतकाळीं रूप लिहावयास सांगावें. पी दोनदां हवा. ‘होप’ म्हणजे आशा करणें, तेथें एकच. एक पी गळला कीं लंगडी घालणारा आशा करूं लागतो!

ही लहर नव्हे. ई-डी या प्रत्ययापूर्वीं व्यंजन एकटें राहिलें, तर मागील स्वर दीर्घ वाचला जातो. त्याचें ऱ्हस्वत्व राखण्यास द्वित्व लागतें. संस्कृतज्ञांस पाणिनीचा ङमुट् आगम आठवेल: ‘प्रत्यङ्’ व ‘आत्मा’ मिळून ‘प्रत्यङ्ङात्मा’. तेथेंही द्वित्व ऱ्हस्वापुढेंच होतें.

मग ‘ॲडमिट’चा टी दुणावतो, ‘व्हिजिट’चा कां नाहीं? पहिल्यांत उच्चाराचा आघात ‘मिट’वर, म्हणजे शेवटीं आहे, दुसऱ्यांत आरंभींच्या ‘व्हि’वर. आघात शेवटीं असेल तरच द्वित्व. ‘ट्रॅव्हल’चा एल इंग्लंडांत हा नियम जुमानीत नाहीं; अमेरिकेंत मात्र तो एकच लिहितात.

‘व्हिजिट’चा टी दुणावला म्हणून मी वर्षानुवर्षें मुलांचे गुण कापले, आघाताचें नांव मात्र वर्गांत कधीं काढलें नाहीं.