गाईचा चीक जपतो, मग आईचा का नाही?

वार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नये, ही जुनी समजूत आता बहुतेक गोठ्यांतून गेली आहे. गाय व्याली की वासरू पुसून तास-दोन तासांत कासेला लावायचे, नाहीतर ते हगवणीने दगावते, हे आपल्याला पटले आहे. पण सून दवाखान्यात बाळंत झाली की हाच धडा आपण विसरतो आणि दुधाच्या डब्यासाठी मेडिकलकडे धावतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरातली जवळपास ८९ बाळंतपणे दवाखान्यात होतात. पण पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बाळे शंभरात ४२ च्या आसपास. म्हणजे दवाखाना गाठला, पण चीक वेळेवर मिळाला नाही.

‘दूधच येत नाही’

पहिले दोन-तीन दिवस आईला घट्ट, पिवळसर चीक येतो. तो थोडाच असतो, एका वेळी चमचा-दोन चमचे. बाळाचे पोटही तेवढेच. हा चीक आतड्याला आतून संरक्षण देतो आणि पोटातली काळी शी बाहेर काढतो. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरते. तोपर्यंत बाळ रडले की घरचे म्हणतात, ‘‘हिला दूधच नाही, डबा आणा.’’

या दिवसांत बाळाचे वजन थोडे घटतेच. तीन किलोच्या बाळाचे २०० ग्रॅम कमी झाले तर घाबरू नये. साधारण दोन आठवड्यांत ते भरून येते. खरी खूण लंगोटात पाहावी. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा आणि पाचव्या दिवसापासून सहा वेळा तरी लघवी झाली, तर बाळाला दूध पुरते आहे. लघवी कमी होत असेल, बाळ सुस्त पडले किंवा पिवळे दिसू लागले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

डबा आला की काय होते?

म्हशीची एक धार चुकवली, दुसरी चुकवली की ती आटू लागते. कास रिकामी झाली तरच पुढचे दूध तयार होते. आईचेही तसेच आहे. बाटलीने पोट भरलेले बाळ झोपी जाते, ओढत नाही. ओढले नाही म्हणून दूध कमी, दूध कमी म्हणून पुन्हा डबा. शिवाय पावडरीत पाणी जास्त पडले तर बाळ उपाशी राहते, आणि बाटली नीट उकळली नाही तर जुलाब होतात.

डबा कधीच लागत नाही असे नाही. आई गंभीर आजारी असेल, बाळ फार अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा त्याची साखर उतरली असेल, तर डॉक्टर सांगतील तसे करावे. मात्र आधी विचारावे, ‘‘आईचे दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येईल का?’’ मुंबईच्या सायन रुग्णालयात तर १९८९ पासून मातृदुग्ध पेढी आहे. सिझर झाले असले तरी आई शुद्धीवर असताना नर्सबाईंच्या मदतीने बाळ अंगावर घेता येते.

कायदा काय सांगतो?

१९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या दूध पावडरीची, बाळअन्नाची आणि बाटलीची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे, दवाखान्यात त्यांची पोस्टर लावणे यांवर बंदी आहे. डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

गावाने काय करावे?

सरपंच व ग्रामसेवकांनी १ ते ७ ऑगस्टच्या स्तनपान सप्ताहात हा विषय सभेत घ्यावा, आणि सभेला पुरुषांनाही बसवावे. कारण डबा आणायला जातो तो पुरुषच. आशाताईंनी सातव्या-आठव्या महिन्यातच सासू आणि नवऱ्याला समोर बसवून सगळे समजावावे. बाळ झाल्यावर मध, गुटी, साखरपाणी काहीच देऊ नये. सहा महिने फक्त आईचे दूध. उन्हाळ्यातही वरचे पाणी नको.

आणि चिठ्ठी हातात आली तर मेडिकलकडे निघण्याआधी डॉक्टरांना एवढेच विचारा, ‘‘साहेब, हा डबा कशासाठी, आणि किती दिवस?’’ नुसते ‘दूध येत नाही’ एवढेच कारण असेल, तर आधी नर्सबाईंना बोलवा आणि बाळ नीट अंगावर लावून घ्या.