मागणीपत्रातला शेवटचा मुद्दा

शिक्षक चळवळीचा आढावा घ्यायचा तर संपांपासून सुरुवात करायची, अशी रीत आहे. डिसेंबर 1977 मध्ये सुरू झालेला 54 दिवसांचा संप, 14 ते 20 मार्च 2023 चा जुन्या पेन्शनचा संप. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मासिक मानधन 2000 साली तीन हजार होते, ते सोळा हजारांवर यायला 2023 उजाडले. हे लढे न्याय्यच होते आणि त्यांच्यावर भरपूर लिहूनही झाले आहे.

माझा जीव अडकला आहे तो सादिलात. खडू, हजेरीपट, फळ्याचा रंग, झाडू, वीजबिल हा सगळा खर्च ज्यातून भागायचा ते सादिल अनुदान शिक्षकांच्या वेतनखर्चाच्या ठरावीक टक्क्यांनी मिळावे, ही आमची जुनी मागणी. टक्केवारीत मोठी खुबी होती. वेतन वाढले की शाळेचा पैसाही आपोआप वाढणार, त्यासाठी वेगळा मोर्चा काढायला नको. पण मागणीपत्रात सादिल कायम तळाशी राहिले. वाटाघाटीत वरचे मुद्दे होईस्तोवर चहा यायचा आणि बैठक संपायची.

आज अशा खर्चासाठी मिळणारे समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान मात्र पटावर ठरते. 2021 च्या सुधारित निकषांत तीसपर्यंत पटाला वर्षाला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार. त्यातलेच दहा टक्के स्वच्छतेला. पुणे जिल्ह्यात दौंडच्या भीमाकाठी किंवा शिरूरच्या कवठे येमाई भागात वाडीवस्तीवरच्या शाळेचा पट पंधरा-अठरा असतो. पट कमी म्हणून पत्रा कमी गळत नाही, की मीटरचा स्थिर आकार माफ होत नाही. भीमाकाठच्या अशाच एका शाळेत मी लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही चादरीखाली झाकलेला पाहिला. बिल थकल्यामुळे वीज तोडली होती. आधीची दोन बिले गुरुजींनी पदरची भरली होती.

आमच्यातलेच काही म्हणतात, देणगीला कंपन्या आहेत की! आहेत, पण रांजणगाव-सणसवाडीच्या औद्योगिक पट्ट्यात. वाबळेवाडीची शाळा गावाने आणि कंपन्यांच्या मदतीने उभी राहिली, तिचे मला कौतुकच आहे. पण हमरस्त्यापासून दूर, गुऱ्हाळांवरच्या मजुरांची पोरे शिकतात त्या शाळेपर्यंत देणगीदाराची गाडी जात नाही. सरकारचे कर्तव्य देणगीवर ढकलायला संघटनेने मान डोलावणे मला कधीच पटले नाही.

अलीकडे संघटनांची निम्मी ताकद पतसंस्थेच्या पॅनेलांत आणि उरलेली बदल्यांत जाते. तरीही 25 सप्टेंबर 2024 ला सामूहिक रजा टाकून शिक्षक रस्त्यावर आले, ते पटावरून शिक्षकपदे ठरवणाऱ्या 15 मार्चच्या संचमान्यतेच्या निर्णयाविरुद्ध आणि वीसच्या आतल्या पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याविरुद्ध. गट-तट विसरून सगळे लहान शाळांसाठी एकत्र आले, याचे फार बरे वाटले. पण त्याच शाळांच्या वीजबिलासाठी एवढी गर्दी झालेली मी पाहिलेली नाही.

शिरूर आणि दौंडच्या तालुका शाखांना माझे एवढेच सांगणे आहे: पुढच्या मागणीपत्रात सादिल पहिल्या क्रमांकावर लिहा, आणि त्यावर लेखी उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्या मुद्द्याला हात घालू नका.