पत्र्याचा माणूस

इंग्लंडमधील लंडन शहरात १९२८ साली सप्टेंबर महिन्यात एक प्रदर्शन भरले होते. हौसेने छोटी छोटी यंत्रे तयार करणाऱ्या लोकांचे ते प्रदर्शन. उद्घाटनाला यॉर्कचा ड्यूक येणार होता. हा राजाचा मुलगा. पुढे १९३६ साली तोच सहावा जॉर्ज म्हणून गादीवर बसला. कुणाच्या घरी १९४० च्या आसपासचा जुना रुपया असेल, तर त्यावर त्याचेच डोके दिसेल.

पण ड्यूकाचे येणे रद्द झाले. आता उद्घाटन कोण करणार? प्रदर्शनाचे चिटणीस होते कॅप्टन विल्यम रिचर्ड्स. त्यांनी ठरवले, माणूस येत नाही ना, मग आपणच एक माणूस करू. पत्र्याचा! त्यांच्या जोडीला ॲलन रेफेल नावाचे यंत्रकामातले जाणकार होते. दोघांनी मिळून माणूस घडवला. त्याचे नाव ठेवले एरिक.

प्रदर्शनाच्या दिवशी हा एरिक बसल्या जागेवरून उठला. वाकला. उजवीकडे, डावीकडे मान वळवली. हात हलवला आणि चार मिनिटे भाषण केले! त्याच्या डोळ्यांच्या जागी दिवे होते. बोलताना दातांतून निळ्या ठिणग्या उडत होत्या. लोकांनी तोंडात बोटे घातली.

आता तुम्ही म्हणाल, ही तर जादू झाली. जादू नाही. आपण एरिकचे पोट उघडून बघू या. आत काय आहे ते कळले, की धाकही जातो आणि करणाऱ्याच्या हाताची किंमतही कळते.

आपल्याकडे कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथले ठाकर लोक कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. बाहुलीचा हात सुटा असतो. त्याला दोरा बांधलेला असतो. वरून दोरा ओढला की हात वर जातो, सोडला की खाली येतो. एरिकही मुळात अशीच एक मोठी बाहुली होता. त्याच्या आत दोऱ्या होत्या, त्या कप्प्यांवरून फिरत होत्या. विहिरीवर रहाटाचे चाक असते ना, तशीच कप्पी, पण लहान. फरक इतकाच की दोरी ओढायला माणसाचा हात नव्हता. ते काम विजेची मोटार करत होती.

एरिकचे अंग अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे होते. आपल्याकडे खेड्यांत ज्याला ‘जर्मन’ म्हणतात, ज्याची पातेली आपण चुलीवर ठेवतो, तीच ही धातू. लोखंडाच्या मानाने ती तिपटीने हलकी असते. पत्र्याच्या माणसाला हे फार महत्त्वाचे आहे. का ते सांगतो. भरलेली कळशी छातीशी धरली तर आपण अर्धा कोस चालतो. तीच कळशी हात लांब करून धरा बघू. दहा पावलांत खांदा भरून येईल. वजन तेच, पण ते खांद्यापासून लांब गेले की खांद्यावर जोर जास्त येतो. एरिकचा हात लोखंडाचा असता, तर तो उचलायला मोटारही मोठी लागली असती. मोटार मोठी, म्हणजे ती ठेवायला पोट मोठे, आणि पोटाचे वजन पेलायला पाय जाड. सगळेच वाढत गेले असते. म्हणून शहाणा कारागीर हातापायांची टोके हलकी ठेवतो.

असा पत्रा घडवतात कसा? तांबट बंब घडवतो ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लवकर समजेल. आधी जाड कागद कापून फर्मा करतात. कागद हातावर, खांद्यावर गुंडाळून बघतात. फर्मा जमला की तो पत्र्यावर ठेवून रेघ मारतात आणि कात्रीने पत्रा कापतात. मग पत्रा तापवून मऊ करायचा. इथे एक गोम आहे. लोखंड तापले की लाल दिसते, त्यामुळे लोहाराला अंदाज येतो. अॅल्युमिनियम मात्र लाल होत नाही. ते तसेच पांढरे दिसते आणि एकदम वितळून खाली पडते. मग अंदाज कसा घ्यायचा? जुने कारागीर पत्र्यावर साबण घासतात. खालून आच देतात. साबण काळपट पडला, की पत्रा मऊ झाला असे समजून आच काढून घेतात. साध्या साबणाची वडी, पण ती पत्रा वाचवते!

मऊ झालेला पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने ठोकतात. त्याला खोलगट बाक येतो. मग ऐरणीवर घेऊन हलक्या हातोडीने मठारतात, म्हणजे टोले एकाला एक लागून पडतात आणि खड्डे निघून जातात. ठोकून ठोकून पत्रा पुन्हा कडक होतो. पुन्हा साबण, पुन्हा आच. एक खांदा करायचा, तर हे किती वेळा तरी करावे लागते. घाई केली की पत्रा फाटतो.

आता खरी करामत आहे ती सांध्यांची. आपला कोपर दाराच्या बिजागरीसारखा आहे. तो एकाच बाजूला मिटतो. खांदा तसा नाही. तो पुढे, मागे, वर, सगळीकडे फिरतो. तिथे हाडाची गोळी आणि तिला बसती वाटी असते. धातूच्या माणसातही हे दोन्ही सांधे करता येतात. बिजागरीला एक खिळा पुरतो. गोळी आणि वाटी करणे मात्र अवघड. ती सैल झाली तर हात लोंबतो आणि घट्ट झाली तर हलत नाही. यांतला मधला अंदाज पुस्तकात लिहून देता येत नाही. तो बोटांनाच कळतो.

सांधा वाकला की वरच्या पत्र्याचे काय होते? अखंड नळी असेल तर ती वाकणारच नाही. म्हणून तिथे पत्र्याच्या अरुंद पट्ट्या करतात आणि कौलांसारख्या एकावर एक थोड्या चढवतात. प्रत्येक पट्टी दोन बाजूंना रिबिटाने धरलेली असते. पण हे रिबीट घट्ट ठोकायचे नसते. मध्ये पातळ वायसर घालून थोडी मोकळीक ठेवतात. मग हात वाकला की पट्ट्या एकमेकींवरून सरकतात आणि उघडे काही दिसत नाही. पूर्वी युरोपातले आणि जपानमधले चिलखत करणारे लोक यात तरबेज होते. जपानात लढाया थांबल्या, चिलखतांचा खप कमी झाला, तेव्हा तिथल्या काही कारागिरांनी हीच विद्या वापरून लोखंडाचे खेकडे, साप आणि पक्षी केले. त्या लोखंडी सापाचे अंग खऱ्या सापासारखे वळते. एरिकही एखाद्या चिलखत घातलेल्या शिपायासारखाच दिसे.

एरिकच्या अंगात अकरा विद्युतचुंबक होते आणि सुमारे तीन मैल लांबीची तार गुंडाळलेली होती. विद्युतचुंबक म्हणजे काय? हे तुम्हाला घरी करून बघता येईल. एक मोठा लोखंडी खिळा घ्या. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याच्या दुकानात वार्निश केलेली बारीक तांब्याची तार मिळते. तिचे शंभर एक वेढे खिळ्याला द्या. तारेची दोन्ही टोके खरवडून वार्निश काढा आणि ती विजेरीच्या एका सेलच्या दोन बाजूंना लावा. खिळा टाचण्या उचलील! तार काढली की टाचण्या खाली पडतील. म्हणजे वीज आहे तोवर हा चुंबक, वीज गेली की नुसता खिळा. तार फार वेळ लावून ठेवू नका, ती तापते. आणि घरातल्या बटणाच्या विजेवर हा प्रयोग चुकूनही करू नका, ती जीव घेईल. सेलवरच करायचा.

असा चुंबक हवा तेव्हा एखादी दांडी ओढू शकतो आणि हवा तेव्हा सोडू शकतो. दूर बसलेल्या माणसाने बटण दाबले की इकडे दांडी हलते. एरिकचे पाय एका पेटीला पक्के जखडलेले होते. मोटार त्या पेटीत होती. म्हणून तो उठे, वाके, हात हलवी, पण चालत नसे. एक पाऊलसुद्धा नाही. एका पायावर तोल धरून दुसरा पाय उचलणे मूल वर्षभरात शिकते, पण यंत्राला ते शिकवायला माणसाला पुढे कितीतरी वर्षे लागली.

आणि ते भाषण? ते एरिकचे नव्हतेच. बोलणारा माणूस दुसरीकडे होता. त्याचा आवाज बिनतारी यंत्राने एरिकपर्यंत येत होता. एरिक हलवायला आणि बोलवायला पडद्याआड माणसे लागतच. पण तिकीट काढून आलेल्या लोकांना समोर फक्त एरिक दिसे. वर्तमानपत्रांत नाव एरिकचे. १९२९ साली त्याला अमेरिकेला नेले, तिथेही तेच झाले.

एरिकच्या छातीवर इंग्रजीत आर. यू. आर. अशी तीन अक्षरे होती. हे एका नाटकाचे नाव. चेक भाषेतले लेखक कारेल चापेक यांचे हे नाटक १९२० साली छापले गेले आणि १९२१ साली प्राग शहरात झाले. ‘रोबो’ म्हणजे ‘रोबॉट’ हा शब्द या नाटकातून जगभर गेला. शब्द सुचवला होता कारेल यांचे भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ! तिकडचे शेतकरी जमीनदाराच्या शेतावर ठरावीक दिवस फुकट राबत, त्याला ते रोबोटा म्हणत. तिथे ही वेठ १८४८ साली बंद झाली. आपल्याकडे वेठबिगारीला बंदी करणारा कायदा १९७६ साली झाला. वेठीला धरलेला तो रोबो, असा त्या शब्दाचा अर्थ. नाटकातले रोबो पत्र्याचे नव्हते, ते कारखान्यात तयार केलेले माणसासारखे जीव होते. त्यांच्याकडून सगळी कामे करून घेतात आणि शेवटी ते मालकांवर उलटतात.

आज पुण्याजवळ चाकणच्या बाजूला मोटारींचे कारखाने आहेत. तिथे वेल्डिंग करणारे रोबो आहेत. त्यांना डोके नाही, डोळे नाहीत, दात तर नाहीतच. नुसता एक लांब हात, खांदा, कोपर आणि मनगट. बघायला गेले तर एरिकपुढे अगदी ओबडधोबड. पण एरिकने जन्मात एक खिळा ठोकला नाही आणि हा हात पाळीमागून पाळी काम करतो. त्या कामावर पूर्वी माणसे होती, हेही खरे. आता त्या हाताला काम शिकवायला, त्याचे सांधे झिजले की बदलायला माणसे लागतात, पण ती थोडी लागतात आणि शिकलेली लागतात. हे काम आपल्या तालुक्यातल्या आय. टी. आय. मधून आलेला पोरगाही करू शकतो. सांधा म्हणजे काय, हे त्याला समजले पाहिजे.

एरिकचे पुढे काय झाले? काही वर्षे तो गावोगाव फिरला आणि मग नाहीसा झाला. कुठे गेला, मोडीत गेला की काय, पत्ता नाही. २०१६ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्याला पुन्हा घडवायचे ठरवले. लोकांकडे वर्गणी मागितली. ३५ हजार पौंड हवे होते, त्याहून जास्त जमले. काम दिले जाइल्स वॉकर नावाच्या शिल्पकाराला. पण आधार कशाचा घ्यायचा? त्यांनी जुनी छायाचित्रे आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे समोर ठेवली. फोटोत खांदा बाहेरून दिसतो, आतली कप्पी दिसत नाही. तेव्हा आतले सगळे वॉकर यांनी आपल्या डोक्याने बसवले. दोऱ्यांच्या जागी आजच्या मोटारी आल्या आणि बटण दाबणाऱ्या माणसाच्या जागी संगणक आला. २०१७ साली हा नवा एरिक इतर रोबोंच्या रांगेत प्रदर्शनात उभा राहिला. रेफेल यांनी जुन्या एरिकच्या आत दोऱ्या नेमक्या कशा ओवल्या होत्या, ते मात्र जुन्या एरिकबरोबरच गेले.