सफरचंदावर मांडलेली वेगळी चूल

उत्तर अमेरिकेतली रॅगोलेटिस पोमोनेला ही फळमाशी मूळची हॉथॉर्न या झाडाच्या बोराएवढ्या लाल फळांवर वाढणारी. युरोपीय वसाहतकऱ्यांनी तिकडे सफरचंद नेले आणि १८६०च्या दशकात हडसन खोऱ्यातल्या बागांत तिच्या अळ्या सफरचंदातही सापडू लागल्या. मध्ये ना डोंगर, ना समुद्र. तरी हॉथॉर्नवरचा आणि सफरचंदावरचा असे माश्यांचे दोन गट पडले. या माश्यांचे मीलन फळावरच होते, मादी तिथेच साल टोचून अंडे घालते आणि सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकते. प्रौढ माशीचे आयुष्य जेमतेम महिनाभराचे, त्यामुळे दोन्ही गटांची गाठभेटच दुर्मीळ. वासाची आवडही आता निराळी. थोडाफार संकर मात्र अजून होतो, पिढीमागे सुमारे ४ ते ६ टक्के. म्हणूनच हे गट अद्याप दोन स्वतंत्र प्रजाती मानले जात नाहीत.