घोरणं, विसरणं आणि सी-पॅप

घोरणाऱ्याला गाढ झोप लागली आहे, असं घरच्यांना वाटतं. स्लीप अ‍ॅप्निया असेल तर घडतं नेमकं उलट. घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट बंद होते, 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. श्वास थांबण्याचे किंवा उथळ होण्याचे असे प्रकार तासाला 30 वर गेले की आजार तीव्र समजतात. सकाळी रुग्णाला यातलं काही आठवत नाही.

दिवसा लक्ष लागेना, गोष्टी विसरायला लागल्या, की खापर वयावर फुटतं. ही समजूत जास्त घातक. अमेरिकेत क्रिस्टीन याफे यांच्या गटाने सरासरी 82 वर्षांच्या 298 स्त्रियांवर केलेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्यांतल्या कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. सुमारे पाच वर्षांनी, झोपेत श्वासाचा विकार असलेल्यांपैकी 44.8 टक्के स्त्रियांत स्मरण-विचारशक्तीचा सौम्य ऱ्हास किंवा स्मृतिभ्रंश दिसला. विकार नसलेल्यांत हे प्रमाण 31.1 टक्के होतं. संबंध जुळला तो प्राणवायूच्या कमतरतेशी, झोपेच्या तासांशी नाही. अर्थात, संबंध दिसला म्हणून कारण सिद्ध झालं असं नव्हे.

या आजारावर वापरतात ते सी-पॅप म्हणजे ऑक्सिजनचं यंत्र, असंही पुष्कळांना वाटतं. ते खोलीतलीच हवा दाबाने नाकात सोडतं आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये ही पद्धत जगासमोर मांडली.

मग यंत्र लावलं की स्मरणशक्ती परत येते? इथे उत्साह आवरायला हवा. सुमारे 1,100 रुग्णांना खरं किंवा नकली सी-पॅप देऊन सहा महिने पाहणाऱ्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष 2012 मध्ये आले. दिवसाची झोपाळू अवस्था खऱ्या यंत्राने कमी झाली. लक्ष आणि स्मरण यांत मात्र ठोस फरक पडला नाही. नियोजनक्षमतेतली थोडी सुधारणा दोन महिन्यांनंतर दिसली, ती टिकली नाही.

म्हणून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. ते रात्री किती तास लावलं, याला फार महत्त्व आहे. 2006 च्या एका छोट्या अभ्यासात, उपचारापूर्वी स्मरणशक्ती कमजोर असलेल्या रुग्णांपैकी जे रोज सहा तासांहून अधिक वेळ मास्क लावत, त्यांची स्मरणशक्ती तीन महिन्यांत पूर्ववत होण्याची शक्यता कितीतरी जास्त आढळली. मास्क टोचतो, हवा गळते, नाक कोरडं पडतं म्हणून पुष्कळजण यंत्र कपाटात ठेवून देतात. मास्कचा आकार बदलणं, दाब जुळवणं, हवेत ओलावा मिसळणं हे उपाय डॉक्टरांकडे असतात. ते मागून घ्यावेत.