दोनदा जळालेला अजिंठा

एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन तपकिरी फोटो. दोन्हींत अजिंठ्याचा तोच खांब, तोच अंधार. एकच फोटो दोनदा का चिकटवला असेल, असं आधी वाटतं. मग नीट पाहिलं की कळतं, ते एक नाहीत. डावीकडच्या फोटोत खांबाच्या डाव्या कडेला मागच्या भिंतीची जी अरुंद पट्टी दिसते, ती उजवीकडच्या फोटोत खांबाआड गेली आहे. दोन भिंगांमध्ये साधारण आपल्या दोन डोळ्यांइतकं अंतर ठेवून ते टिपलेले असतात. पुठ्ठा स्टिरिओस्कोपमध्ये धरला की मेंदू दोन्ही चित्रं एकावर एक बसवतो आणि खांब कागदातून उठून पुढे येतो! त्याच्यामागे लेणं आत आत जात राहतं.

असे जोडफोटो काढणारा माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे मराठी वाचक त्याला पारोचा प्रियकर गिल म्हणून ओळखतो. पण १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला इथे धाडलं ते भित्तिचित्रांच्या नकला करायला. वाघूर नदीच्या त्या निर्जन वळणावर त्याने वर्षानुवर्षं तेलरंगात मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले आणि ३० डिसेंबर १८६६ रोजी तिथे लागलेल्या आगीत जवळजवळ सगळे जळाले. त्यांतल्या काहींच्या छोट्या, बिनरंगी प्रती १८५६ च्या एका पुस्तकात छापल्या होत्या, म्हणून निदान त्यांची रेषा तरी आपल्याला ठाऊक आहे.

गिलकडे कॅमेरा होता; १८६४ साली त्याच्या फोटोंची दोन पुस्तकंही निघाली. मग भित्तिचित्रांचेच फोटो काढून तो मोकळा का झाला नाही? कारण त्या काळी ज्या काचांवर फोटो टिपायचे, त्या रंगांच्या बाबतीत जवळपास आंधळ्या होत्या. त्यांच्यावरच्या चांदीच्या क्षारांना निळा प्रकाश तेवढा कळायचा. लाल आणि पिवळा त्यांच्या लेखी अंधारच. अजिंठ्याची चित्रं तर गेरू आणि पिवळ्या मातीवर उभी आहेत. गेरूने रंगवलेली तांबूस कांती काळीठिक्कर उमटायची आणि मौल्यवान निळा रंग पांढुरका पडायचा. त्यात लेण्यातला उजेड बेताचा. दगडी खांब, कमानी, मूर्ती कॅमेऱ्याने टिपायच्या आणि रंग कुंचल्याने, अशी ही वाटणी होती. एकट्या कॅमेऱ्याच्या किंवा एकट्या कुंचल्याच्या भरवशावर अजिंठा हाती लागला नसता.

आगीनंतर काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. पुढे नावाजलेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्यांच्यात होते. तेरा वर्षांत सुमारे ३०० चित्रं झाली. ती लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये ठेवली आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. या खेपेला मात्र दीडशेहून अधिक कॅनव्हास वाचले. ते आजही त्याच संग्रहालयात आहेत; त्याला आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणतात.

एवढ्या खटाटोपाची गरज काय होती, हे भिंतीजवळ गेल्यावर समजतं. चित्रांखाली मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू मळलेले. ओल येते, किडे पोखरतात, मग मागच्या दगडाची पकड सुटते आणि एक दिवस पोपडा खाली येतो. नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फासलं. ते पिवळं पडलं, तडकलं आणि रंगांनाच ओढू लागलं. प्रेमाने केलेली ही इजा होती. ती निस्तरायला हैदराबाद संस्थानाने १९२० मध्ये इटलीहून तज्ज्ञ बोलावले.

म्हणूनच नक्कल, जुना फोटो आणि आजची भिंत शेजारी ठेवून पाहणं हे अभ्यासकांचं मोठं काम आहे. भिंतीवर काही जागी आता उघडा दगड आहे आणि ग्रिफिथ्सच्या कॅनव्हासवर तिथेच अजून आकृती आहे. गिलच्या फोटोंनाही जपावंच लागतं. त्या काळच्या कागदी फोटोंतली चांदी अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या पातळ थरात धरलेली असते. उजेड आणि दमट हवा लागली की तो थर पिवळा पडतो, चित्र विरत जातं. म्हणून संग्रहालयात असे फोटो बहुतेक काळ अंधारात, आम्लरहित कागदात राहतात.

त्यांतले काही जोडफोटो इंटरनेटवर सापडतात. फोन आडवा धरा आणि नजर पडद्याच्या पलीकडे, लांबच्या भिंतीकडे पाहावं तशी सैल सोडा. दोन चित्रांची आधी तीन होतात. मधल्यावर लक्ष ठेवा, घाई करू नका. हळूहळू खांब पुढे सरकतो.