जुन्या नाण्यांचा रंग: स्वाभाविक आणि बनावट

जुनें पत्र हातीं आलें म्हणजे आपल्यांतील जाणता संग्राहक मजकुराकडे वळण्यापूर्वी कागद, शाई व घड्यांच्या खुणा पाहतो. चहाच्या पाण्यांत बुडवून किंवा चुलीच्या धुरावर धरून जुनाट केलेला कागद त्यास सहसा फसवीत नाहीं. अक्षर किडीच्या भोकाला वळसा घालून गेलेलें दिसलें कीं भोक आधींचें व लेखन मागाहूनचें, हें तो तात्काळ ताडतो. परंतु तीच मंडळी नाणें घेतांना रंगास भुलतात, असा आमचा अनुभव आहे. निळी-जांभळी झांक असलेल्या रुपयास साध्या पांढऱ्या रुपयाहून अधिक किंमत येऊं लागल्यापासून तर रंग चढविण्याचा एक धंदाच होऊन बसला आहे.

हा रंग येतो कोठून, तें प्रथम पाहूं. १८३५ च्या कायद्यानें ठरलेला कंपनीचा रुपया १८० ग्रेन वजनाचा असून त्यांत बारांपैकीं अकरा भाग शुद्ध रुपें आहे. हवेंत, धुरांत, लोकरींत व हलक्या कागदांत जो अल्पस्वल्प गंधक असतो, त्याशीं संयोग पावून रुप्यावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. पावसाळ्यांत रस्त्यावरील पाण्यावर तेलाचा थेंब पडला म्हणजे जे रंग दिसतात, त्याच जातीचे हे रंग होत. ते पापुद्र्याच्या जाडीवर अवलंबून असतात. म्हणून त्यांस क्रम आहे. प्रथम फिकट सोनेरी, मग तांबूस जांभळा, मग निळा, आणि फार काळानें काळा. जेथें नाण्याची कड कागदास किंवा पेटीच्या लाकडास टेकलेली असते तेथून रंग सुरू होतो व आंत जातांना हळूहळू विरळ होतो. १९४० पासून रुपयांतील रुपें निम्म्यावर आलें; त्या नाण्यांचा काळिमा बहुधा करडा-तपकिरी व मळकट असतो, आणि त्यांवर मोरपिशी रंग दिसल्यास दुप्पट सावध व्हावें.

नाण्याची पारख हें शास्त्र आपल्याकडे नवें नाहीं. कौटिल्यानें रूपदर्शक नांवाचा अधिकारी केवळ याचसाठीं सांगितला आहे, आणि पाणिनीनें 'रूप्य' शब्दाची सिद्धि 'ठोकून उमटविलेलें रूप ज्यावर आहे तें' या अर्थीं केली आहे (५.२.१२०). रूप पृष्ठभागावर असतें, हें संग्राहकानें विसरूं नये. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांवर रुप्याचीं नाणीं निघालीं. त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारला होता. नव्या छापाखालीं नहपानाच्या मुद्रेच्या ज्या पुसट रेषा राहतात, त्यांच्यावर एका राजकुलाच्या पराभवाचा पुरावा उभा आहे. चिंच व राख लावून तें नाणें घासलें तर प्रथम त्याच रेषा जातील. पुढें रंग लावून घासल्याची खूण झांकतां येईल, रेषा परत येणार नाहींत.

आमच्या वऱ्हाडांत रुपया चार ठिकाणीं राहत आला: काळ्या जमिनींत पुरलेल्या हंड्यांत, कमरेच्या कशांत, देव्हाऱ्यांत आणि बायकांच्या गळ्यांतील माळेंत. प्रत्येक ठिकाणचा रंग निराळा. हंड्यांतील नाण्यावर मातीचा खडबडीत थर असतो व शेजारच्या नाण्याचा गोल ठसा त्यांत उमटलेला आढळतो. कशांतला रुपया झिजून गुळगुळीत होतो. लक्ष्मीपूजनाचा रुपया दरवर्षीं चिंचेनें धुतलेला असल्यामुळें उंच भागीं पांढरा, आणि अक्षरांच्या खोबणींत हळदीकुंकवाचा अंश धरून बसलेला असा दिसतो. "घरच्या पूजेंतला" म्हणून पुढें केलेलें नाणें सर्वांगीं निळें असेल, तर एक तर पूजा खोटी अथवा रंग खोटा!

माळेंतल्या रुपयाचें प्रकरण सर्वांत घातक आहे. त्यास कडी डाख देऊन जोडलेली असते. ती तोडून, कानस मारून, वर रंग दिला कीं जखम दिसेनाशी होते. एका विक्रेत्यानें आम्हांस १८६२ चा व्हिक्टोरिया राणीचा रुपया दाखविला. मुकुटाच्या वर गर्द निळा पट्टा होता, व किंमत साध्या रुपयाच्या तिप्पट. "गुरुजी, आबाच्या पेटीतला रंग हाये हा, कोनं हात नाही लावला," असें त्याचें म्हणणें. आम्हीं तो उन्हांत भिंगाखालीं कडेवर फिरविला. मुकुटाच्या नेमक्या वर गव्हाच्या दाण्याइतक्या जागेंत कडेचे दांते नव्हते, आणि डाखांतील हिणकस धातूनें गंधक अधिक धरल्यामुळें पट्टा तेथेंच सर्वांत गडद झाला होता. जो रंग दोष लपविण्यास लावला त्यानेंच दोषाची जागा दाखविली. आम्हीं रुपया त्यास परत दिला.

तेव्हां रंगाकडे पाहतांना मुख्य प्रश्न पौर्वापर्याचा. ओरखड्याच्या तळाशीं भोवतालच्याच रंगाचा गडदपणा असेल, तर रंग ओरखड्यानंतर चढला. घासण्याच्या बारीक समांतर रेषांवर सर्वत्र एकसारखा रंग असणें हें वाईट लक्षण. खऱ्या रंगाखालीं टांकसाळीचें मूळ तेज नाणें फिरवितांना चक्रासारखें फिरतें, बनावटाखालीं तें मेलेलें असतें. क्रम सोडून निळ्याशेजारीं एकदम पांढरें आलें, रंगाचे ओघळ किंवा थेंब दिसले, अथवा उंच झिजलेला भागच अधिक रंगलेला असला, तर घेऊं नये. स्वच्छ कापूस असिटोनांत भिजवून हलकेच टेकल्यास शाई, बुटाचें पॉलिश वा व्हार्निश उतरतें. (घासूं नये, आणि तें द्रव्य पेट घेणारें असल्यानें समईजवळ हा प्रयोग करूं नये.)

येथें एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. उकडलेलें अंडें व नाणें एका बंद डब्यांत ठेवलें तरी गंधकाचाच पापुद्रा धरतो, व रसायनदृष्ट्या तो पेटींतल्या पापुद्र्याहून भिन्न नसतो. असिटोनानें तोही जात नाहीं. भेद वेगाचा आहे, आणि वेगाच्या खुणा वर सांगितल्या त्याच. अमेरिकेंतील नाणीं पारखून डबीबंद करणाऱ्या संस्थाही काहीं नाण्यांस 'रंग संशयास्पद' एवढाच शेरा देऊन थांबतात. तोच शेरा आपल्या वहींत लिहिण्यास संकोच वाटूं नये.

तांबें व पोटीन यांविषयीं थोडक्यांत. शिवराईचा खरा रंग गडद तपकिरी, हातास गुळगुळीत लागणारा. घासून गुलाबी झालेली शिवराई तापवून किंवा गंधकाचें मलम लावून पुन्हां काळी करतात; अक्षरांच्या कडा तशाच गुलाबी राहतात. जुना हिरवा कळंक धातूंतूनच वाढलेला व कठीण असतो. रंगविलेला कळंक बांबूच्या काडीनें सुटतो, डिंकांत कालवून चिकटविलेली माती कोमट पाण्यांत विरघळते. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्षाराचा रोग समजून तें नाणें इतरांपासून दूर ठेवावें. १९३९ सालीं तेव्हांच्या अकोला, आतांच्या वाशीम जिल्ह्यांतील तऱ्हाळें गांवीं सातवाहनांचीं सुमारें सोळाशें पोटीन नाणीं सांपडलीं, व म. म. वा. वि. मिराशी यांनीं तीं प्रसिद्ध केलीं. पुराणांस ठाऊक नसलेले कुंभ, कर्ण व शक सातकर्णी हे राजे त्यांतून पुढें आले, तेही एकेका नाण्यावर उमटलेल्या नांवाच्या तुकड्यांवरून. असें नाणें उजळून पुन्हां हिरवें केल्यास त्यांतील एक अक्षर गेलें तरी एका राजाचें नांव जाऊं शकतें.

"शेतांत सांपडलें" असें सांगून मातीसकट विकावयास आलेल्या नाण्यांची माती खोटी असेल तर ती फसवणूक; खरी असेल तर दहा रुपयांवरील निधि कलेक्टरास कळविण्याविषयींचा १८७८ चा कायदा आड येतो. दोन्ही पक्षीं हात आंवरावा.

घेतलेलें नाणें रबराच्या फितीनें बांधूं नये, रबरांतील गंधकानें त्यावर काळी रेघ कायमची उमटते. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून हिरवट चिकटा सुटतो, त्याही टाळाव्या. आम्लरहित कागदाचें पाकीट वापरून त्यावर नाणें कोणाकडून, कधीं, व घेतेवेळीं कोणत्या रंगाचें होतें, तें शिसपेनीनें लिहावें. मात्र तें लेखन नाणें आंत घालण्यापूर्वी करावें.